संगणकाच्या मेजावरील चित्र



संगणक सुरू केला कीं पडद्यावर प्रथम एक चित्र दिसतें. कोणाच्या घरीं तें गणपतीचें असतें, कोणाच्या घरीं नातवाचें, तर कोणाच्या घरीं हिमशिखरांचें. त्याला रूढ भाषेंत वॉलपेपर म्हणतात. तें बदलणें आतां इतकें सोपें झालें आहे कीं त्यालाही कांहीं इतिहास असेल, अशी शंका आपणांस सहसा येत नाहीं. परंतु हें चित्र किती खटपटीनें बदलावें, आणि मुळांत तें बदलण्याची मुभा कोणास असावी, हे दोन प्रश्न गेल्या चाळीस वर्षांत वारंवार पुढें आले आहेत. त्यांचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

पडद्याला मेज मानण्याची कल्पना कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रांत रुजली, आणि १९८१ सालीं त्या कंपनीच्या ‘स्टार’ यंत्राबरोबर ती बाजारांत आली. कचेरींतील मेजावर जसे कागद व फायली, तशींच पडद्यावर त्यांचीं लहान चित्रें. पुढें याच मेजावर भिंतीला चिकटवावयाचा कागद पसरण्याची चाल पडली, आणि त्यांत कांहीं विसंगति आहे असें कोणासही वाटलें नाहीं, ही एक मौजच म्हणावयाची!

१९८४ च्या जानेवारींत ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश आला. त्याचा पडदा अवघा नऊ इंचांचा. त्यावर आडवे ५१२ व उभे ३४२ असे एकंदर १,७५,१०४ बिंदु, आणि प्रत्येक बिंदु एक तर काळा, नाहीं तर पांढरा. असल्या पडद्याएवढें एक चित्र सांठवावयाचें म्हटलें तरी २१,८८८ बाइट जागा लागणार. आणि यंत्राची सारी स्मृति १२८ किलोबाइट. म्हणजे तिचा जवळजवळ सहावा हिस्सा निव्वळ शोभेवर खर्च व्हावयाचा. सहा खोल्यांच्या बिऱ्हाडांत एक खोली केवळ तसबीर टांगण्यासाठीं कोण रिकामी ठेवील? तेव्हां चित्राऐवजीं नक्षी वापरण्यांत आली. आठ बिंदु लांब व आठ बिंदु रुंद असा एक चौकोन घ्यावयाचा, आणि फरशा बसवाव्या तसा तोच पडदाभर पुनःपुन्हा मांडावयाचा. चौकोनांतील ६४ बिंदूंना ८ बाइट पुरतात. एक बिंदु काळा व एक पांढरा असे आळीपाळीनें ठेवले कीं डोळ्याला राखी रंगाचा भास होतो, आणि मॅकिंटॉशचें मूळचें मेज असें राखी होतें.

ही नक्षी बदलण्याची सोय ज्या नियंत्रण-फलकांत होती, तो अँडी हर्टझफेल्ड यांनीं रचला व सुझन केअर या चित्रकर्तीनें त्याला रूप दिलें. तो खरोखर पाहण्यासारखा होता. त्यावर शब्द जवळजवळ नव्हतेच. चौकोन मोठा करून दाखविलेला असे; त्यांतील बिंदूवर टिचकी मारली कीं काळ्याचा पांढरा व पांढऱ्याचा काळा होई. शेजारीं मेजाची इवलीशी प्रतिकृति असे. तिच्या माथ्यावरील पट्टीवर टिचक्या मारीत गेलें कीं तयार नक्ष्या एकामागून एक दिसत. आणि मनाजोगती नक्षी येतांच त्या चिमुकल्या मेजावर टिचकी मारली कीं खरें मेजही तसेंच होई. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या आपल्याकडील भगिनींना ही विद्या नव्यानें शिकवावी लागली नसती.

१९९० च्या मे महिन्यांत मायक्रोसॉफ्टची विंडोज ३.० निघाली, आणि तिच्याबरोबर वॉलपेपर हा शब्द घरोघर पोंचला. मार्ग मात्र लांबचा होता. आधीं कंट्रोल पॅनेल उघडावयाचें, तेथें डेस्कटॉपचें चिन्ह शोधावयाचें, मग यादींतून चित्राचें नांव निवडून संमतीची कळ दाबावयाची. शिवाय चित्र बीएमपी या एकाच जातीचें हवें. १९९५ च्या ऑगस्टांत विंडोज ९५ नें हा वळसा चुकविला. मेजावरील रिकाम्या जागेवर माऊसची उजवी कळ दाबली कीं पुढील दार तेथेंच उघडे. जी वस्तु बदलावयाची तिलाच हात लावावा, ही सोय दिसावयास क्षुल्लक. पण माझ्या मतें या साऱ्या इतिहासांतील खरी सुधारणा तीच.

मार्ग जवळचा झाला म्हणून सर्वांनीं तो चोखाळला असें मात्र नव्हे. २००१ सालच्या विंडोज एक्सपीबरोबर आलेली हिरवी टेकडी आपणांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. चार्ल्स ओ’रिअर या छायाचित्रकारानें १९९६ सालीं कॅलिफोर्नियांतील सोनोमा परगण्यांत तें छायाचित्र घेतलें. मुळांना लागणाऱ्या किडीनें तेथील द्राक्षवेली उपटाव्या लागल्या होत्या, म्हणून त्या टेकडीवर गवत माजलें होतें. कित्येक घरांतून हें चित्र वर्षानुवर्षें जसेंच्या तसें राहिलें.

यानंतर मात्र हकीकतीला निराळें वळण लागलें. ज्या संगणकांवरील एक्सपीची प्रत बिनपरवाना ठरे, त्यांचें पार्श्वचित्र दर ६० मिनिटांनीं काळें करून टाकण्याची योजना मायक्रोसॉफ्टनें २००८ सालीं अमलांत आणली. चीनमध्यें त्यावरून मोठा गहजब झाला. चोरीचें समर्थन मी करणार नाहीं; परंतु कारकुनाचें काम चालूं द्यावयाचें आणि त्याच्या भिंतीला तेवढें काळें फांसावयाचें, ही शिक्षा मोठी सूचक होती. आपल्या म्हणविलेल्या घराचा मालक दुसराच आहे, हें याहून स्पष्ट कसें सांगावें?

पुढील वर्षीं रीतसर पैसे मोजणाऱ्यांवरही ही वेळ आली. २००९ सालीं विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ नांवाची आवृत्ति स्वस्त, लहान संगणकांवर बसवून विकली जाऊं लागली. एका वेळीं तीनच कामें उघडतां येतील असें बंधन तिच्यावर घालावयाचें आधीं ठरलें होतें. तें विक्रीपूर्वींच मागें घेतलें गेलें. पार्श्वचित्र बदलण्याची मनाई मात्र कायम राहिली. त्याच विंडोज ७ च्या महागड्या आवृत्त्यांत चित्रें हवीं तर दर दहा सेकंदांनीं आपोआप बदलत. आणि स्टार्टरच्या धन्याला आपल्या मुलाचा फोटो मेजावर लावावयाचा तर वरच्या आवृत्तीचे पैसे भरावे लागत. आठ बाइटांच्या काळांत कारण जागेच्या टंचाईचें होतें. येथें तसली कसलीच टंचाई नव्हती.

२०१८ च्या मॅकवरील मोहावी आवृत्तींत वाळवंटाचें चित्र प्रहरानुसार स्वतःच उजळूं व मावळूं लागलें. विंडोज १० मध्यें मात्र बंदीचा जुना प्रकार चालूच राहिला. परवान्याचा क्रमांक दिलेला नसेल तर सेटिंग्जमधील पार्श्वचित्राचें पान बंद असे. पण गंमत अशी कीं फोल्डरांतील एखाद्या चित्रावर उजवी कळ दाबून तें मेजावर लावण्याची ओळ निवडली, तर चित्र बिनबोभाट बदले.