सातवाहन–क्षहरात संघर्ष

सातवाहन–क्षहरात संघर्ष हा दख्खनचे सातवाहन राजे आणि पश्चिम भारतातील शकवंशीय क्षहरात क्षत्रप यांच्यात इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत झालेला सत्तासंघर्ष होय. क्षत्रप नहपान याच्या काळात नाशिक, जुन्नर, कार्ले हा सह्याद्रीलगतचा पट्टा व अपरान्ताचा किनारा सातवाहनांच्या हातून गेला. गौतमीपुत्र सातकर्णी याने तो परत जिंकून क्षहरातांची सत्ता संपुष्टात आणली. याच शतकांत भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशांत रोमन साम्राज्याविरुद्ध अनेक उठाव झाले. परकीय सत्तेशी लढलेल्या प्राचीन योद्ध्यांच्या तुलनात्मक अभ्यासात दख्खनमधील हा संघर्ष महत्त्वाचा ठरतो. येथील विजेत्याची हकीकत त्याच्या स्वतःच्या घराण्याने कोरून ठेवलेली आहे. रोमविरोधी वीरांची हकीकत मात्र बहुतांशी त्यांच्या शत्रूंनी लिहिलेली आहे.

पार्श्वभूमी

सातवाहनांची राजधानी गोदावरीकाठचे प्रतिष्ठान (आजचे पैठण) ही होती. घाटमाथ्यावरील कापूस, कापड, मणी व रत्ने नाणेघाट, थळघाट, बोरघाट अशा घाटवाटांनी कल्याण व सोपारा या बंदरांकडे उतरत असत. तेथून हा माल तांबड्या समुद्रामार्गे रोमन साम्राज्याच्या बाजारपेठांत पोहोचे. घाटवाटा व बंदरे ज्याच्या ताब्यात, जकातीचे उत्पन्नही त्याचेच, अशी स्थिती होती.

या व्यापाराचे चित्र ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासवर्णनात आढळते. इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिल्या गेलेल्या या ग्रंथानुसार बारिगाझा (भरूच) बंदरातून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण होते आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर (तेर). पैठणहून गोमेदासारखी रत्ने आणि तगरहून साधे व तलम कापड गाड्यांतून भरूचला येई. कल्याण बंदरात मात्र व्यापाराला अडथळा होता. तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भरूचकडे नेली जात, असे ग्रंथकार नोंदवतो. भरूचच्या प्रदेशाचा राजा म्हणून त्याने दिलेले नाव नहपानाचे असल्याचे बहुसंख्य अभ्यासक मानतात. या नोंदींवरून, संघर्ष रणांगणावर निकालात निघण्याआधी तो समुद्रावरील नाकेबंदीच्या रूपाने चालू होता, असे दिसते.

साधने

या संघर्षाचा वृत्तान्त देणारा समकालीन इतिहासग्रंथ नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तसेच कार्ले व जुन्नर येथील शिलालेख, जोगलटेंभी येथील नाण्यांचा साठा आणि ‘पेरिप्लस’ ही मुख्य साधने होत. लेख प्राकृत भाषेत व ब्राह्मी लिपीत आहेत. त्यांतील बहुतेक दानलेख असल्यामुळे युद्धाची माहिती त्यांतून ओघानेच मिळते.

कालनिश्चितीबद्दल मतभेद आहेत. नहपानकालीन लेखांत ४१, ४२, ४५ व ४६ ही वर्षे येतात. ती शक संवताची मानल्यास नहपानाचा काळ इ.स. १२४ पर्यंत येतो. ‘पेरिप्लस’चा काळ विचारात घेणारे अभ्यासक ही वर्षे नहपानाच्या राज्यारोहणापासूनची मानतात आणि त्याचा पराभव इ.स. ७८ च्या सुमारास ठेवतात.

नहपान आणि उषवदात

नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) हा दिनीकाचा पुत्र होता. नहपानाची कन्या दक्षमित्रा ही त्याची पत्नी. नाशिकचे दहाव्या क्रमांकाचे लेणे त्याने कोरविले. त्याच्या लेखांत तीन लाख गायींचे दान, नद्यांवर विनामूल्य नावांची सोय, भरूच, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथील विश्रामगृहे आणि ब्राह्मणांना दिलेली गावे यांचा उल्लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून गुंतवले. पैकी २,००० वर दरमहा शेकडा एक व १,००० वर दरमहा शेकडा पाऊण या दराने व्याज ठरले होते. त्यातून लेण्यातील भिक्षूंची वस्त्रे व इतर गरजा भागवल्या जात.

हे लेख या संघर्षाची दुसरी बाजू दाखवतात. सातवाहन प्रशस्तीत उच्छेदास पात्र ठरवलेले हे घराणे स्थानिक धर्मसंस्थांचे व कारागिरांचे आश्रयदातेही होते. त्यामुळे या युद्धाकडे केवळ ‘परकीय विरुद्ध स्वकीय’ अशा दृष्टीने पाहणे अपुरे ठरते.

गौतमीपुत्राचा विजय

गौतमीपुत्राच्या राज्यवर्ष १८ मधील नाशिक लेख हा विजयाचा सर्वांत जवळचा पुरावा होय. विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला पाठवलेली ही आज्ञा आहे. पश्चिम काखडी गावातील, आजवर उषवदाताने उपभोगलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मी डोंगरावरील भिक्षूंना द्यावे, असे तीत म्हटले आहे. या शेतात राजाच्या माणसांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, प्रांताच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करू नये, अशा सवलतीही दिल्या आहेत. त्याच वर्षी कार्ले येथील भिक्षुसंघाला करजिक गाव देण्यात आले. हे गाव पूर्वी उषवदातानेही त्याच संघाला दिलेले होते. सत्ता बदलली, तरी दान चालू ठेवून नव्या राजाने आपला अधिकार प्रस्थापित केला.

सहा वर्षांनंतरचा, म्हणजे राज्यवर्ष २४ मधील लेख विशेष बोलका आहे. अमात्य श्यामक याला उद्देशून काढलेल्या या आज्ञेत राजाबरोबर राजमातेचाही उल्लेख आहे. काखडीचे ते शेत कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरील राजाच्या मालकीच्या शेतापैकी १०० निवर्तने भिक्षूंना द्यावीत, असा तिचा आशय आहे. गाव ओस पडण्याचे कारण लेखात दिलेले नाही. परंतु नुकत्याच झालेल्या युद्धाची पार्श्वभूमी लक्षात घेता, विजयानंतरही या पट्ट्यातील शेतीची घडी बसलेली नव्हती, असा अर्थ त्यातून निघतो.

बलश्रीची प्रशस्ती

गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावी याच्या राज्यवर्ष १९ मध्ये नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक विस्तृत लेख कोरविला. त्यात गौतमीपुत्राला शक, यवन व पह्लवांचा संहारक, क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा आणि सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रस्थापित करणारा म्हटले आहे. ऋषिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ व आकरावन्ती हे त्याच्या सत्तेखालील प्रदेश होत. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले, अशी गौरवोक्तीही त्यात आहे. धर्माला अनुसरून कर घेणारा आणि अपराधी शत्रूचीही प्राणहानी न आवडणारा, असे त्याचे वर्णन त्याच लेखात येते. वंशाचा उच्छेद आणि शत्रूवरील दया या दोन विधानांतील विसंगती राजप्रशस्तीच्या प्रकृतीला धरूनच आहे. पुत्राच्या पश्चात वृद्ध मातेने कोरविलेला हा लेख प्राचीन दख्खनच्या राजकीय इतिहासाचे प्रमुख साधन मानला जातो.

जोगलटेंभीचा नाणेसाठा

१९०६ मध्ये नाशिकजवळील जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात १३ हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले छाप मारले होते. मूळ नाण्याच्या एका बाजूस क्षत्रपाचा मुखवटा व ग्रीक लिपीतील अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठी लेख आहेत. त्यांवर सातवाहनांचे तीन कमानींचे चैत्यचिन्ह व उज्जयिनी चिन्ह उमटवलेले दिसते. अनेक नाण्यांवर छापाखाली जुना मुखवटा अर्धवट ओळखू येतो. नाणी वितळवून नवीन पाडण्याऐवजी पुन्हा मुद्रांकित केल्यामुळे चलन खंडित झाले नाही आणि प्रत्येक व्यवहारात सत्तांतराची वार्ता पोहोचली.

भोगवर्धन

जालना जिल्ह्यातील केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय. सांची येथील स्तूपाच्या दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांचे उल्लेख आहेत. प्रतिष्ठानहून माहिष्मतीमार्गे उज्जयिनीला जाणारा मार्ग पाली ‘सुत्तनिपात’मध्ये सूचित झाला असून भोगवर्धन याच उत्तरवाटेवर असल्याचे मानले जाते. हे नगर पैठणच्या मागील प्रदेशात असल्याने किनाऱ्यावरील नाकेबंदीची झळ अशा कारागिरांच्या गावांपर्यंत पोहोचणे स्वाभाविक होते.

नागपूर विद्यापीठ व मराठवाडा विद्यापीठ यांनी येथे १९७३ मध्ये उत्खनन केले. त्याचा अहवाल शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी प्रसिद्ध केला. उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष, मणी व हस्तिदंती वस्तू मिळाल्या. त्यांतील एका भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी निकटचे साम्य आहे. पाँपेई हे नगर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेले. त्यामुळे तेथील मूर्ती त्यापूर्वीची ठरते. तिच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर असल्याने ती वायव्य भारताशी निगडित असावी, असेही मत मांडले गेले आहे. ती पूर्वी ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाई. आता ती यक्षीची मानली जाते.

रोमविरोधी उठावांशी तुलना

नेत्यांचे स्थान: गौतमीपुत्र हा राज्यावर बसलेला राजा होता. त्याचा लढा गेलेला प्रदेश परत मिळवण्याचा होता. त्याला काटेकोर अर्थाने बंड म्हणता येत नाही. रोमविरोधी नेत्यांची स्थिती निरनिराळी होती. इ.स.पू. ७३ ते ७१ या काळात लढलेला स्पार्टाकस हा कापुआच्या आखाड्यातून पळालेला गुलाम होता. व्हर्सिंजेटोरिक्स हा गॉलमधील सरदार, तर बूडिका ही ब्रिटनमधील आयसेनी जमातीची राणी होती. जर्मानियातील आर्मिनियस याने रोमन सैन्यात नोकरी केली होती आणि त्याला रोमन नागरिकत्वही मिळाले होते. रोमन युद्धपद्धतीचे हे ज्ञानच इ.स. ९ मध्ये टॉयटोबुर्गच्या अरण्यात तीन रोमन सैन्यदलांच्या संहारास कारणीभूत ठरले.

शेवट: लुसिटानियाचा व्हिरियाथस याची इ.स.पू. १३९ मध्ये फितूर झालेल्या सहकाऱ्यांनी हत्या केली. स्पार्टाकसच्या पराभवानंतर सुमारे ६,००० बंदिवानांना रोमकडे जाणाऱ्या रस्त्यावर क्रूसावर चढवण्यात आले. व्हर्सिंजेटोरिक्सला सीझरच्या विजययात्रेत मिरवून इ.स.पू. ४६ मध्ये ठार मारण्यात आले. आर्मिनियस स्वतःच्या नातलगांकडून मारला गेला; तथापि ऱ्हाइनपलीकडील जर्मानिया रोमला कायमची जिंकता आली नाही. गमावलेला प्रदेश राखण्याच्या बाबतीत गौतमीपुत्राशी त्याचीच तुलना अधिक जुळते. मात्र आर्मिनियसच्या यशातून स्थिर राज्य उभे राहिले नाही.

नाणी व जमीन: सर्वांत निकटचे साम्य ज्यूडियातील बार कोखबाच्या उठावात (इ.स. १३२–१३५) आढळते. त्याच्या शासनाने रोमन नाण्यांवरच आपले छाप मारून स्वातंत्र्याची घोषणा करणारी नाणी काढली. काही नाण्यांवर सम्राटाच्या मुखवट्याच्या खुणा आजही दिसतात. मृत समुद्राजवळील गुहांत सापडलेल्या त्याच्या पत्रांवरून व करारांवरून तो जमिनी खंडाने देत असल्याचेही कळते. चलन आणि जमीन या दोन्हींवर हक्क बजावणे, हे सत्ता हाती आल्याचे प्रमाण दोन्ही ठिकाणी मानले गेले. बार कोखबाचे राज्य मात्र साडेतीन वर्षांतच बेतारच्या पाडावाबरोबर संपले.

साधनांचा स्वर: व्हर्सिंजेटोरिक्सची माहिती मुख्यतः त्याला हरवणाऱ्या सीझरकडून, बूडिकाची टॅसिटस व कॅसियस डिओ यांच्याकडून, तर स्पार्टाकसची प्लुटार्क व अप्पियन यांच्याकडून मिळते. बार कोखबाची पत्रे वगळता या नेत्यांचा स्वतःचा शब्द उरलेला नाही. दख्खनमध्ये याउलट विजेत्याच्या आज्ञा, त्याच्या मातेचा शोकमिश्रित अभिमान आणि पराभूत उषवदाताचे लेख एकाच डोंगरातील लेण्यांत शेजारी शेजारी टिकून आहेत.

परिणाम

गौतमीपुत्राचे यश सर्वत्र टिकले नाही. क्षहरातांनंतर चष्टनाचे कार्दमक घराणे पुढे आले. त्याचा नातू रुद्रदामन याच्या इ.स. १५० च्या जुनागढ लेखात सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप व आकरावन्ती हे प्रदेश त्याच्या सत्तेखाली दाखवले आहेत. दक्षिणापथपती सातकर्णीचा दोनदा पराभव करूनही जवळच्या नात्यामुळे आपण त्याचा उच्छेद केला नाही, असे रुद्रदामन सांगतो. कान्हेरी येथील लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या कार्दमकवंशीय राणीचा उल्लेख असल्याने या नात्याला पुष्टी मिळते. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांच्या धर्तीवर राजाचा मुखवटा असलेली चांदीची नाणी काढली. उच्छेदाच्या घोषणेने सुरू झालेले वैर दोन पिढ्यांत सोयरिकीपर्यंत आले.

लोकपरंपरा

पैठणच्या परंपरेत कुंभाराच्या घरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीच्या सैन्यात प्राण फुंकून शत्रूचा पराभव केला, अशी कथा प्रचलित आहे. गुढीपाडव्याचा संबंधही या विजयाशी जोडला जातो. ही कथा ऐतिहासिक पुरावा ठरत नाही. परंतु परचक्र परतवल्याची स्मृती तिच्यात असावी, असे मानले जाते. इ.स. ७८ पासून मोजल्या जाणाऱ्या शक संवताला मध्ययुगात ‘शालिवाहन शक’ हे नाव रूढ झाले. अशा रीतीने जेता व जित या दोघांचीही नावे मराठी पंचांगात एकत्र नांदत आहेत.

हेही पहा

गौतमीपुत्र सातकर्णी
नहपान
पांडवलेणी
भोकरदन
बार कोखबाचा उठाव