विद्यापीठाची खिडकी मावळात कशी आली

वाचकहो, जून महिन्यात कामशेतच्या किंवा वडगावच्या बाजारात एखाद्या झेरॉक्सच्या दुकानापाशी घटकाभर उभे राहून पाहा. बाहेर पाऊस कोसळत असतो. दुकानात बारावी झालेली चार-सहा मुले-मुली, कोणाचा बाप, कोणाची आई, अशी दाटी असते. दुकानदार संगणकापुढे बसून प्रवेशाचा अर्ज भरीत असतो. मध्येच विचारतो, "ओटीपी आला का?" मुलगी म्हणते, "फोन दादाकडं हाय, तो कामावर गेलाय." झाले! सगळा खोळंबा.

या दुकानाच्या टेबलावर आज विद्यापीठाची एक खिडकी उघडलेली आहे. ती इथवर येऊन पोचायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. तो प्रवास आज आपण थोडक्यात पाहू; कारण पुढे काय करावे, हे त्या प्रवासातूनच उमगते.

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. पुढच्याच वर्षी खंडाळा ते पुणे आगगाडी धावू लागली आणि १८६३ साली बोरघाटातला लोहमार्ग पुरा होऊन मुंबई-पुणे सलग जोडले गेले. म्हणजे मावळच्या अंगणातून विद्येच्या राजधानीकडे जाणारी गाडी आली; पण विद्यापीठ राहिले घाटाखाली. पुढे १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. बॅ. मुकुंदराव जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू. २०१४ पासून या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. मावळच्या विद्यार्थ्याला आता घाट उतरायला नको, एवढे अंतर कमी झाले. तरीही अर्ज आणायला एक हेलपाटा, तो भरायला दुसरा आणि त्यात काही त्रुटी निघाली तर तिसरा, हा क्रम काही चुकला नाही. आंदर मावळातल्या खांडी-सावळ्याच्या मुलाला आधी गाडीरस्त्यापर्यंत पायपीट, मग स्टेशन, मग पुणे. एका सहीसाठी दिवस मोडायचा आणि बापाची मजुरीही बुडायची.

इथे आपल्या रेडिओची आठवण काढलीच पाहिजे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुढे १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने या केंद्रावरून एक नामी प्रयोग झाला. पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात वीसेक जणांचे एक श्रोतृमंडळ केले. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास शेतीचा आणि गावकामाचा कार्यक्रम लागायचा. मंडळी एकत्र बसून तो ऐकायची आणि मग त्यावर बोलायची. एकजण टिपण करी, शंका केंद्राकडे पाठवी आणि पुढल्या कार्यक्रमात तिला उत्तर मिळे.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची तपासणी केली. ती करताना आणखी दोन प्रकारची गावे पाहिली: रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी, आणि रेडिओच नाही अशी. निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती भरघोस वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत मात्र फारसा फरक पडला नाही. यंत्र तेच, आवाज तोच, कार्यक्रमही तोच. फरक पडला तो एकत्र बसायला जागा होती, विचारायला माणूस होता आणि विचारले तर उत्तर येत होते, म्हणून.

पुढची पावले भराभर सांगतो. १९७१ साली आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळ आर्वी इथे, उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयीन धडे दूरदर्शनवर दिसू लागले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले आणि शेतावर, कारखान्यात राबणाऱ्यांनाही पदवीची वाट मोकळी झाली. या विद्यापीठाने पुस्तके घरी दिली, पण त्याबरोबर ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रेही काढली, हे विसरू नका. म्हणजे पुन्हा तेच: बसायला जागा आणि विचारायला माणूस.

नव्या शतकात संगणकाने विद्यापीठाच्या कचेरीत ठाण मांडले. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने राज्यातल्या काही विद्यापीठांसाठी प्रवेशापासून निकालापर्यंतच्या नोंदी संगणकावर आणण्याची व्यवस्था उभारली. विद्यार्थ्याला कायमचा नोंदणी क्रमांक मिळू लागला. बैठक क्रमांक शोधत निकालाच्या फलकापुढे होणारी चेंगराचेंगरी ओसरली. २०१५ साली डिजिलॉकर आले. गुणपत्रिका, प्रमाणपत्रे फोनमध्ये ठेवायची सोय झाली. २०१६ च्या सुमारास मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि साध्या घरातही स्मार्टफोन शिरला. २०१७ साली 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या व्यासपीठावर फुकट अभ्यासक्रम मिळू लागले. २०२१ साली श्रेयांकांची पेढी निघाली. विद्यार्थ्याने कमावलेले श्रेयांक आता बचतखात्यासारखे जमा होतात.

हे सगळे चांगलेच झाले, यात शंका नाही. ज्या कामासाठी दिवस मोडत होता, ते पाच मिनिटांत होऊ लागले. गुणपत्रिका पावसात भिजली, उंदराने कुरतडली, ही भीती गेली. पण प्रत्येक सोयीबरोबर एक नवी अडचणही दाराशी येते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. पुरेशी तयारी नव्हती. निकाल महिनोन्महिने लांबले, पुढच्या प्रवेशांचा घोळ झाला आणि त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. यंत्र घाईने आणले की ते वेळ वाचवीत नाही, उलट खाते, हा त्यातला धडा.

मग आले २०२०. मार्चच्या अखेरीस करोनाच्या टाळेबंदीने वर्ग बंद झाले आणि वर्ग म्हणजे हातातला फोन, असे होऊन बसले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढले आणि मावळावरून गेले. झाडे पडली, विजेचे खांब आडवे झाले, गुलाबांची हरितगृहे फाटली. वीज नाही तर फोन तरी कशावर चालणार? २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्यावाचून पदवी देता येणार नाही. पुणे विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा ऑनलाइन घेतली. ज्यांना ते शक्य नव्हते त्यांच्यासाठी केंद्रावर बसण्याची सोय ठेवली. पहिल्याच दिवसांत तांत्रिक अडचणींच्या तक्रारी आल्या आणि अडकलेल्यांना फेरसंधी द्यावी लागली.

त्या दिवसांत आपल्या खोऱ्यांतली मुले रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत. पाऊस आला की फोन पदराखाली, ओढणीखाली धरायचा. घरात फोन एकच असला तर तो बापाबरोबर कामावर जायचा. आणि ओढाताण झाली की तो आधी मुलाच्या हातात, मग मुलीच्या, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे.

हे असे का व्हावे? मावळचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आगगाडी, जुना हमरस्ता, द्रुतगती मार्ग, सगळे तळेगाव-लोणावळ्याच्या सरळ पट्ट्यातून जातात, आणि मोबाइलचे मनोरेही तिथेच दाट. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ ही खोरी त्या पट्ट्याच्या बाजूला, डोंगरांच्या आड. सोय सरळ रेषेत धावते आणि खोरी तिच्याकडे बघत राहतात. याला आपल्याकडे जुना दाखलाही आहे. १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. लोणावळा, वळवण, शिरवता इथले तलाव आपले, पाऊस आपला. त्या पाण्यावर केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. तलावांच्या काठच्या वाड्यांत मात्र पुढे कितीतरी वर्षे रॉकेलची चिमणीच मिणमिणत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

तेव्हा विद्यापीठाने सेवा मोबाइलवर आणली म्हणजे तिचे काम संपले, असे समजू नये. पूर्वी अंतर मैलांत मोजत होते, आता ते रेंजच्या दांड्यांत मोजावे लागते, इतकेच. ज्याच्यापाशी चांगला फोन आहे, इंग्रजी वाचता येते, घरी विचारायला कोणी शिकलेले आहे, त्याचे अंतर सरले. ज्याच्यापाशी यातले काहीच नाही, त्याचे अंतर उलट वाढले. कारण पूर्वी खिडकीपलीकडे निदान एक माणूस तरी दिसायचा. तो रागावे, पण "इथं सही राहिली बघ" एवढे सांगे. पडद्यावर नुसता लाल अक्षरांत इंग्रजी शेरा येतो आणि मुदत रात्री बारा वाजता संपते. त्या एका शेऱ्यापायी शिष्यवृत्ती जाते, कधी वर्षही जाते. आणि मुलीचे वर्ष गेले, की पुष्कळदा घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. एवढी मोठी किंमत त्या छोट्या शेऱ्याला पडते.

गुरुजनहो, विद्यापीठाचे धोरण आपल्या हातात नाही. पण १९५६ ची ती श्रोतृमंडळे काही फार मोठ्या पैशांवर चालली नव्हती. प्रवेशाच्या आणि शिष्यवृत्तीच्या दिवसांत शाळेची एक खोली संध्याकाळी उघडी ठेवता येईल. बारावी झालेल्या सगळ्यांना एकत्र बसवून, एकाचा अर्ज सर्वांदेखत भरून दाखवता येईल. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते आणि आधार यांवरचे नाव एकच आहे ना, हे निकालाआधीच मे महिन्यात तपासता येईल. परवलीचा शब्द दुकानदाराच्या वहीत राहू न देता मुलांच्या स्वतःच्या वहीत उतरवून घेता येईल. आणि ज्या शंकेचे उत्तर गावात मिळत नाही, तिचे टिपण करून महाविद्यालयाकडे लेखी पाठवता येईल. लेखी विचारणाऱ्याला उत्तर टाळणे जरा अवघड जाते!

पालकांनाही एक विनंती. घरात फोन एक असेल, तर अर्जाच्या आठवड्यात तो घरी राहू द्या, आणि मुलीच्या हातीही द्या.

विद्यापीठाची खिडकी गावात आली आहे, ती बंद होणार नाही, होऊही नये. फक्त तिच्याजवळ एक बाकडे मांडले पाहिजे आणि त्या बाकड्यावर कोणीतरी जाणते माणूस बसले पाहिजे. एवढे काम आपल्याला या मे महिन्यातही करता येईल.