घरगुती पवनचक्की फिरते, पण वीज कमी का देते?

मलावीतील विल्यम कामक्वांबा या मुलाला फी भरता न आल्याने शाळा सोडावी लागली होती. त्याने ग्रंथालयातील पुस्तक पाहून सायकलचा सांगाडा, ट्रॅक्टरचा पंखा, प्लास्टिकचे पाइप आणि सायकलचा डायनॅमो यांपासून घरी पवनचक्की उभारली. पुस्तकातील चित्रात तीन पाती होती, त्याने चार लावली. पुढे झाडांच्या वरचा वारा मिळावा म्हणून ५ मीटरचा मनोरा १२ मीटरपर्यंत वाढवला. पवनचक्की फिरू लागली की काम संपत नाही. तिच्यातून पुरेशी वीज मिळवण्याचे काम तिथून पुढे सुरू होते.

सर्वात मोठा फरक कशाने पडतो?

वाऱ्याच्या वेगाने. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते आणि वेग केवळ १० टक्के वाढला तरी शक्ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे छतावर, झाडांच्या आडोशाला बसवलेली पवनचक्की कितीही चांगली असली तरी निराशाच करते. तिथला वारा मंद असतोच, शिवाय भोवरे घेत येतो. आजूबाजूच्या ३०० फुटांतील सर्वात उंच अडथळ्यापेक्षा पात्यांचे खालचे टोक किमान ३० फूट वर असावे, असा सर्वसाधारण नियम आहे.

पाती वाढवली की वीज वाढते का?

प्रत्येक वेळी नाही. जास्त पाती असली की मंद वाऱ्यात चाक लवकर फिरू लागते, पण त्याचा वेग कमी राहतो. वीज मुख्यतः पाती फिरताना किती मोठे वर्तुळ व्यापतात यावर ठरते. व्यास २ मीटरवरून २.४ मीटर केला तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढते. मात्र वाऱ्यातील सगळी ऊर्जा कधीच मिळत नाही. बेट्झच्या नियमानुसार कमाल मर्यादा ५९.३ टक्के आहे. घरगुती यंत्राने २५ ते ३० टक्के दिले तरी ते चांगले मानावे. म्हणजे २ मीटर व्यासाच्या चक्कीकडून सेकंदाला ५ मीटर वाऱ्यात साधारण ६० ते ७० वॅटचीच अपेक्षा ठेवावी.

पाती आणि जनरेटर यांची जोडी का जुळावी लागते?

बहुतेक वेळा गाडी इथेच अडते. तीन पात्यांच्या चक्कीत पात्याच्या टोकाचा वेग वाऱ्याच्या सुमारे सहापट असेल तर काम उत्तम होते. वरच्याच उदाहरणात हा वेग मिनिटाला साधारण २९० फेरे इतका येतो. १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होण्यासाठी जनरेटरने मंद वाऱ्यातच, म्हणजे २०० फेऱ्यांच्या आसपास, तेवढा दाब द्यायला हवा. मोटारीच्या अल्टरनेटरला याच्या कितीतरी पट वेग लागतो, म्हणून तो थेट जोडला तर चक्की फिरते, पण चार्जिंग होत नाही.

याच्या उलटही घडते. जनरेटर फार कमी वेगातच १२ व्होल्ट देऊ लागला तर बॅटरी चाकाला जणू धरून ठेवते. वारा वाढतो, पण वेग वाढत नाही. पात्यांभोवतीचा हवेचा प्रवाह तुटतो आणि वीज घटते. चुंबकांच्या दोन तबकड्यांमध्ये कॉइल असलेल्या घरगुती जनरेटरमध्ये तबकड्यांमधील अंतर थोडे वाढवले की चुंबकीय प्रभाव कमी होतो, चाक मोकळे होते आणि जोराच्या वाऱ्यात वीज वाढते.

वायरमध्ये किती वीज जाते?

१२ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह ०.२ ओहमच्या वायरमधून गेला तर २० वॅट उष्णतेत वाया जातात. तीच वीज २४ व्होल्टवर नेली तर हे नुकसान चौथा हिस्साच राहते.

बदल करताना काय सांभाळावे?

एका वेळी एकच बदल करावा आणि वाऱ्याचा वेग व विद्युतप्रवाह सोबतच मोजावा. नाहीतर वाढ बदलामुळे झाली की वाऱ्यामुळे, हे कळत नाही. पाती एकसारख्या वजनाची असावीत.

फिरत्या चक्कीची बॅटरी कधीही काढू नये. भार नसला की चाक बेफाम वेग घेते आणि पाते तुटून उडू शकते. बॅटरी भरल्यावर जादा वीज हीटरसारख्या भाराकडे वळवण्याची सोय हवी. वादळी वाऱ्यात चाक आपोआप वाऱ्यापासून वळवणारी शेपटीही हवी. ही सोय झाल्याशिवाय जास्त वॅटच्या मागे लागू नये.