भरून पावलो : भरपाईची कुळकथा

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघाले की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे एकामागून एक लागतात. दहिसर ते मिरा-भाईंदर या मेट्रो-९ च्या कारशेडसाठी आधी याच गावांची जागा ठरली होती. घरे आणि शेते जाणार म्हणून गावकरी उभे राहिले आणि कारशेड पुढे डोंगरीला न्यायचे ठरले. जमीन मागणारा दारात आला की त्याच्याबरोबर एक शब्द येतोच : भरपाई. आज तो सरकारच्या तोंडी असतो. ‘योग्य ती भरपाई दिली जाईल’ हे वाक्य ऐकले नाही असे किनाऱ्यावरचे गाव सापडणे कठीण. पण हा शब्द मुळात देणाऱ्याचा नव्हताच.

‘नुकसान’ अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. त्याच्या मुळाशी उणे होणे आहे. ‘भरपाई’ मात्र घरची. भरणे आणि पावणे, म्हणजे मिळणे, या दोन क्रियापदांची ती लेक. ‘पावती’ही याच ‘पावणे’ची. जुन्या व्यवहारात भरपाई म्हणजे रक्कम नव्हे, तर रक्कम पुरती मिळाल्याचा कागद. सावकाराचे देणे फिटले की सावकार लिहून देई की मी भरून पावलो, आता माझे काही येणे उरले नाही. कागद घेणाऱ्याच्या हातचा, शब्दही त्याचाच. नातवाचे लग्न डोळ्यांनी पाहिलेली आजी ‘भरून पावले’ म्हणते, तेव्हा ती हिशेबाच्या वहीतलीच भाषा बोलत असते. आपले येणे पूर्ण झाले, हे तिच्यावतीने दुसरा कोणी ठरवू शकत नाही.

पुढे अर्थ सरकला. पावतीवरून तो रकमेवर आला, आणि नुकसानाशी जोडला जाऊन ‘नुकसानभरपाई’ हा लांबलचक सरकारी शब्द झाला. त्याच्या शेजारी ‘मोबदला’ बसला. तोही अरबी, ‘बदल’ आणि ‘बदला’ यांचा भाऊबंद. मोबदला म्हणजे अदलाबदल : एक द्या, दुसरे घ्या. कामाचा मोबदला म्हणणे ठीकच. पण ज्याने जमीन विकायला काढलीच नव्हती, त्याला मिळणाऱ्या पैशाला मोबदला म्हटले की सक्ती झाकली जाते आणि व्यवहार राजीखुशीचा वाटू लागतो. जमिनीच्या बाबतीत हा शब्द मला खटकतो तो म्हणून.

राजीखुशी कशाला म्हणायचे हे याच कोकणपट्टीच्या संदर्भात फार पूर्वी लिहिले गेले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, १७१५ च्या सुमारास, आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचे प्रकरण आहे. आंबा-फणसाचे लाकूड गलबतांच्या उपयोगाचे, तरी रयतेच्या झाडांना हात लावू नये, असा हुकूम आहे. कारण सांगितले आहे ते असे की ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करावे, पैसे द्यावे, मगच तोडावे. इथे पैशाआधी माणसाचा होकार येतो.

इंग्रजांच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात हा होकार नाही. सार्वजनिक प्रयोजन ठरले की जमीन जाणार. वाद राहिला तो किमतीचा. सक्तीबद्दल बाजारभावावर १५ टक्के जास्त देण्याची तरतूद होती, १९८४ मध्ये ती ३० टक्के झाली. कचेऱ्यांतून या जादा रकमेला दिलासा रक्कम म्हणतात. आपल्याकडे मात्र पैसा आणि जमीन यांचा मेळ बसत नाही असे म्हणणारे पहिल्यापासून होते. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हा त्यांची घोषणा ‘जान किंवा जमीन’ होती. त्यात काही सावकार जमीनमालक पैसे घेऊन मिटवायला तयार झाले, कसणारे नव्हते. भरून कोण पावतो याचे उत्तर मालकाचे वेगळे, कसणाऱ्याचे वेगळे, हे तिथे उघड दिसले.

राईच्या माणसांना अधिक जवळची गोष्ट उरण-पनवेलची आहे, कारण ती आगरी-कोळ्यांची. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या भरपाईसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जासईच्या लढ्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून ‘साडेबारा टक्के’ हा शब्द घराघरांत गेला : गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. भरपाई पैशात नाही, जमिनीतच मागायची, हा विचार कायद्याच्या पुस्तकातून आलेला नाही, तो या लोकांनी दिला.

डोंगरीत प्रश्न झाडांचा झाला. कारशेडसाठी हजारो झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला आणि लोक पुन्हा विरोधात उतरले. एका झाडामागे दुसरीकडे अमुक रोपे लावू, असे सांगितले गेले. अमात्यांनी लिहिलेले कारण, झाड वर्षा-दोन वर्षांत होत नाही, मला इथे शब्दशः लागू वाटते. रोप ही झाडाची भरपाई नव्हे.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्याने ‘उचित भरपाई’ आपल्या नावातच घेतली आणि दिलासा रक्कम १०० टक्क्यांवर नेली. तरीही जुन्या पावतीचा अर्थ त्यात एका ठिकाणी शिल्लक आहे, आणि तो जमीनधारकाने ओळखायला हवा. निवाड्याची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी ठरवलेल्या भरपाईची, रक्कम हरकत न नोंदवता घेतली, तर ती वाढवून मागण्याचा हक्क जातो. म्हणजे मुकाट्याने केलेली सही आजही ‘भरून पावलो’ असेच बोलते. रक्कम जरूर घ्यावी, पण ‘हरकत राखून स्वीकारली’ असे लिहून मगच सही करावी. निवाड्याच्या वेळी आपण किंवा आपला प्रतिनिधी हजर असेल, तर रक्कम वाढवून मागण्याचा अर्ज निवाड्याच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो.