एक वर्ग, दोन शिक्षक : अमेरिकेतील सहअध्यापनाचा इतिहास

एकाच वर्गात दोन शिक्षकांनी मिळून शिकवावे, ही कल्पना आपल्याकडील अध्यापक शिक्षणात व्याख्या, फायदे व मर्यादा अशा ठरावीक क्रमाने शिकवली जाते. तिच्या इतिहासाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. हा इतिहास प्रामुख्याने अमेरिकेतील असून त्याचे उगम दोन आहेत. ते वेगळे ओळखले नाहीत, तर दोन शिक्षकांपैकी एक वारंवार मदतनीस का ठरतो, याचा उलगडा होत नाही.

पहिला उगम शिक्षकांच्या टंचाईत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मदर वाढला आणि १९५० च्या दशकात अमेरिकेतील शाळा अपुऱ्या पडू लागल्या. शिवाय कुशल शिक्षकास बढती हवी असल्यास वर्ग सोडून प्रशासनात जावे लागे. या पार्श्वभूमीवर हार्वर्ड विद्यापीठातील रॉबर्ट अँडरसन यांच्या पुढाकाराने मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन येथील फ्रँकलिन शाळेत १९५७ मध्ये सांघिक अध्यापनाचा प्रयोग सुरू झाला. संघप्रमुख, वरिष्ठ शिक्षक, शिक्षक आणि साहाय्यक अशी त्यात उतरंड होती. ही उतरंड प्रयोगातील उणीव नव्हती. वर्गात राहूनच शिक्षकाची उन्नती व्हावी, हा तिचा हेतू होता. १९६४ मध्ये शॅपलिन व ओल्ड्स यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने या पद्धतीस शास्त्रीय प्रतिष्ठा दिली. पुढे १९७० च्या दशकात हा उत्साह ओसरला.

दुसरा उगम न्यायालयात आहे. कोलंबिया जिल्ह्यातील शिक्षण मंडळाविरुद्धच्या मिल्स खटल्यात, निधी नाही म्हणून दिव्यांग बालकास शाळेबाहेर ठेवता येणार नाही, असा निर्णय १९७२ मध्ये झाला. १९७५ च्या संघीय कायद्याने अशा बालकांस शक्य तितके इतर मुलांसमवेत शिकवण्याचे बंधन घातले. दोन शिक्षकांचा उल्लेख त्या कायद्यात नव्हता. आरंभी मुलाला काही तास स्वतंत्र कक्षात नेत व परत आणत. त्या तासांत वर्गात जे शिकवले गेले, ते त्याचे बुडे. मूल बाहेर नेण्याऐवजी विशेष शिक्षकच वर्गात आणावा, असा विचार पुढे आला. बॉवेन्स, हूरकेड व फ्रेंड यांनी तो १९८९ मध्ये मांडला.

लिन कुक व मेरिलिन फ्रेंड यांनी १९९५ मध्ये सहअध्यापनाचे पाच प्रकार सांगितले : एकाने शिकवणे व दुसऱ्याने साहाय्य करणे, केंद्रनिहाय अध्यापन, समांतर अध्यापन, पर्यायी अध्यापन व संयुक्त अध्यापन. दुसऱ्याने निरीक्षण करण्याचा सहावा प्रकार नंतर जोडला गेला. समांतर पद्धतीत वर्गाचे दोन भाग होऊन दोघेही तोच पाठ घेतात. केंद्रनिहाय पद्धतीत विद्यार्थी एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जातात. या दोहोंत प्रत्येकास अध्यापनाचा निश्चित वाटा मिळतो. पर्यायी पद्धतीत एक शिक्षक लहान गट घेतो. तो गट रोज त्याच मुलांचा राहिला, तर जुना स्वतंत्र कक्षच वर्गाच्या कोपऱ्यात अवतरतो, असे म्हणावे लागेल.

प्रत्यक्षात काय घडले? स्क्रग्ज, मॅस्ट्रोपिएरी व मॅकडफी यांनी २००७ मध्ये ३२ गुणात्मक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात एकाने शिकवणे व दुसऱ्याने साहाय्य करणे हाच प्रकार सर्वाधिक आढळला आणि विशेष शिक्षकाचे स्थान बहुधा दुय्यम होते. समतेच्या कायद्यातून आलेल्या व्यवस्थेत जणू लेक्सिंग्टनची उतरंडच परतली. तीही तिच्यामागील उन्नतीच्या हेतूविना. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण स्वभावदोषात शोधणे व्यर्थ आहे. माध्यमिक स्तरावर विषयज्ञान एकाकडे असते, वर्गही त्याचाच मानला जातो आणि एकत्र पाठनियोजनासाठी वेळापत्रकात तास नसतो.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीशकुमार पांडे प्रकरणात प्राथमिक स्तरावर दहा, तर त्यापुढे पंधरा विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले; तात्पुरता उपाय म्हणून शाळासमूहात फिरत्या शिक्षकांची मुभाही दिली. अनेक शाळांत फिरणाऱ्या शिक्षकास वर्गशिक्षकासमवेत बसून पाठ आखण्यास सवड मिळणे कठीण; मग सहा प्रकारांपैकी साहाय्याचाच तेवढा त्याच्या वाट्यास येतो.