टाउन हॉलच्या पायऱ्या आणि आपला रुपया

मुंबईच्या कोट भागातील टाउन हॉलच्या पायऱ्यांवर मी अनेकदा बसलो आहे. पहिल्यांदा आलो तो एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातील जुने कागद चाळण्यासाठी. पुढे सवयच लागली. समोर हॉर्निमन सर्कलची गोल बाग आणि तिच्याभोवतीच्या कमानी. शेजारी सरकारी टांकसाळ, तिच्यालगत रिझर्व्ह बँक, आणि वळणापलीकडे स्टेट बँक. राज्यसत्ता, विद्यासत्ता आणि धनसत्ता येथे एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर बसल्या आहेत. इतिहासकार या इमारतींचे वर्णन खांबांच्या घडणीवरून करतात. माझा प्रश्न वेगळा आहे. या आवाराच्या इतिहासात आपला माणूस कोठे होता?

टाउन हॉलचे बांधकाम 1821 मध्ये सुरू झाले आणि 1833 मध्ये पुरे झाले. आराखडा कर्नल थॉमस काउपर या लष्करी इंजिनिअरचा. पैसा उभा करण्यासाठी आधी लॉटरी काढली गेली. तो पुरला नाही तेव्हा कंपनी सरकारच्या तिजोरीला हात घालावा लागला. ती तिजोरी भरत होती मुख्यतः शेतसाऱ्यावर. म्हणजे या डोरिक खांबांखाली दख्खनच्या रयतेचा घाम आहे, आणि त्या रयतेची गावकी बिनमोल करणाऱ्या महारा-मांगांचाही आहे. आत ज्या विद्वत्सभेचे ग्रंथालय थाटले गेले, तिचे दार पहिली कित्येक वर्षे हिंदी माणसाला बंदच होते. नंतर ते उघडले ते धनिकांना आणि उच्चवर्णीयांना.

1 नोव्हेंबर 1858 रोजी राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. धर्म वा वंश यांवरून सरकारी नोकरीत भेद होणार नाही, असे त्यात आश्वासन होते. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1856 मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज याच मुंबई सरकारने फेटाळला होता. एका मुलासाठी सवर्णांची नाराजी ओढवून घेण्यास सरकार तयार नव्हते. पुढे 1892-93 च्या सुमारास महारांची लष्करभरतीही बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला तो अशा पार्श्वभूमीवर. पायरीवरून वाचलेले वचन पायरीखाली उभ्या असलेल्यासाठी नसते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी असे अनुभवले.

आता धनसत्तेकडे वळू. बँक ऑफ बॉम्बे 1840 मध्ये स्थापन झाली. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली दलाल जमत. शेअरबाजाराची सुरुवात तेथली. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बँका आणि भरावाच्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. 1865 मध्ये युद्ध संपले आणि सारा डोलारा कोसळला. कागदी शेअरवर कर्जे वाटलेली बँक ऑफ बॉम्बे बुडाली; 1868 मध्ये त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. 1921 मध्ये ती इम्पीरियल बँकेत विलीन झाली, आणि इम्पीरियल बँकेचीच 1955 मध्ये स्टेट बँक झाली.

या तेजी-मंदीचा दुसरा अंक खेड्यात घडला. तेजीत सैल झालेला सावकाराचा हात मंदीत आवळला. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कुणब्यांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. 1879 च्या कायद्याने दख्खनच्या शेतकऱ्याला थोडे संरक्षण मिळाले. इतिहासात या बंडाला जागा मिळाली, ती योग्यच. पण ज्याच्या नावावर गहाण टाकण्याजोगी जमीनच नव्हती, त्याच्यापाशी जाळायला गहाणखतही नव्हते. तो भाकरीच्या तुकड्यासाठी आपली मेहनतच गहाण टाकत होता, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात नव्हती.

या आवाराला आपल्यातून पहिला जाब विचारला तो बाबासाहेबांनी. 1918 ते 1920 या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत होते. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. 15 डिसेंबर 1925 रोजी चलनविषयक रॉयल कमिशनपुढे, म्हणजे हिल्टन यंग कमिशनपुढे, त्यांनी साक्ष दिली. ही मांडणी आपल्या कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. 1893 मध्ये टांकसाळी जनतेच्या चांदीला बंद झाल्या. सरकारला मात्र हवे तेवढे रुपये पाडण्याची मोकळीक राहिली. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, टांकसाळ जशी जनतेला बंद तशीच सरकारलाही बंद करा. कारण रुपये वाढले की वस्तूंचे भाव चढतात आणि मजुरी मागे राहते. हुंडणावळीचा दर उतरला की निर्यातदाराला जो नफा होतो, तो परदेशातून येत नाही; तो येथल्याच मजुराच्या ताटातून काढलेला असतो. त्या वेळी देशाच्या नावाने स्वस्त रुपया मागणारे गिरणीमालक आणि व्यापारी होते. देश म्हणजे त्यातला कोणता वर्ग, हा प्रश्न बाबासाहेबांनी विनिमयदराच्या आकड्यांतही विचारला.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. जयंतीच्या व्यासपीठावरून, रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, असे आपण सर्रास बोलतो. मध्यवर्ती बँकेची शिफारस त्या कमिशनने 1926 च्या अहवालात केली. कायदा 1934 चा, आणि बँक सुरू झाली 1 एप्रिल 1935 रोजी. बाबासाहेबांचा भर मात्र चलन वाढविण्याच्या अधिकारालाच नियमाने बांधून टाकण्यावर होता. तो अधिकार कोणाच्याही मर्जीवर सोडणे त्यांना मान्य नव्हते. त्यांना संस्थापक म्हणून हार घालणे सोपे आहे. टीकाकार म्हणून वाचणे कठीण आहे. हार घातला की ती इमारत आपली वाटू लागते आणि प्रश्न विचारण्याची गरज संपते. प्रस्थापितांना याहून अधिक काय हवे?

प्रश्न तर संपलेला नाही. 19 जुलै 1969 रोजी 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. 1972 मध्ये दुर्बलांसाठी 4 टक्के व्याजाची योजना आली, 1978 मध्ये महात्मा फुले महामंडळ आले, 2016 मध्ये प्रत्येक शाखेने किमान एका अनुसूचित जाती वा जमातीच्या उद्योजकाला कर्ज द्यावे अशी योजना आली. पण बँकेच्या टेबलावर पहिला शब्द उच्चारला जातो तो तारण. काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका पदवीधर मुलाबरोबर मी एका शाखेत गेलो होतो. साहेबांनी त्याचे प्रमाणपत्र बाजूला सारले आणि विचारले, सातबारा आहे का? होता. पण ती जमीन महार वतनाची. 1958 च्या कायद्याने वतने खालसा झाली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. सरकारी परवानगीवाचून त्यांचे हस्तांतर करता येत नाही. ही शर्त जमीन आपल्या हातून जाऊ नये म्हणून होती. तीच शर्त साहेबांना नकार देण्यास पुरली. मुलगा बाहेर येऊन एवढेच म्हणाला, "सर, जमीन आपली आहे, पण कागद त्यांचा आहे."

त्याचे हे वाक्य मला या पायऱ्यांवर बसलो की आठवते. जमीन, मेहनत आणि पत यांतील पत नेहमी दुसऱ्याच्या दप्तरात राहिली आहे. ग्रामपंचायतीत आणि विधानसभेत आपण पोहोचलो, तरी त्या दप्तराची भाषा शिकल्याविना पुढचे पाऊल पडणार नाही. आज एशियाटिकच्या पायऱ्या चढायला कोणाची परवानगी लागत नाही. अभ्यासवर्ग चालविणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे की, यंदा रुपयाचा तो ग्रंथ वर्गात उघडावा, रोज दोन पाने वाचावी, आणि मग आपापल्या तालुक्यातील बँकेत जाऊन एकच विचारावे: गेल्या वर्षी येथे आमच्या वस्तीतील किती जणांना कर्ज मिळाले?