फूल की दोन पानं?

आमच्या मलकापुरात हायवेला गोव्याला निघालेली पोरं चहाला थांबतात. त्यांना सांगितलं, की गोवा महाराष्ट्रात यायचा राहिला तो ३४,०२१ मतांनी, तर आधी हसतात, मग मोबाईल काढतात.

१६ जानेवारी १९६७. गोवेकरांसमोर दोन चिन्हं होती. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरण हवं असलेले दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री होते. सत्तेत राहून कौल घेतला असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांचं सरकार आधीच पायउतार झालं होतं. विरोधात जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स पक्ष होता, आणि 'राष्ट्रमत'ही होतं. हे दैनिक चक्क मराठी! मराठी वाचणारा प्रत्येक जण महाराष्ट्राच्या बाजूनं असणार, हा आपल्याकडचा हिशेब तिथंच चुकला.

देशाचे गृहमंत्री तेव्हा कोण? आमच्या शेजारच्या कराडचे यशवंतराव चव्हाण, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. त्यांच्या कारकिर्दीत कौल महाराष्ट्राच्या विरोधात गेला आणि दिल्लीनं तो मानला. पुन्हा मतदान घ्या, असं झालं नाही. युरोपात झालं. २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सनं युरोपची राज्यघटना नाकारली, तर तिच्यातला बराचसा मजकूर लिस्बन करारातून परत आला. आयर्लंडनं २००८ मध्ये तोही नाकारला, तेव्हा वर्षभरानं त्यांना पुन्हा मतदानाला बसवलं आणि होकार मिळवला.

गोव्यातला पुढचा भाग मला जास्त आवडतो. मार्चमध्ये निवडणूक झाली आणि हरलेले बांदोडकरच परत मुख्यमंत्री झाले! लोकांनी विलीनीकरण नाकारलं होतं, बांदोडकरांना नव्हे. कुळांना आणि बहुजनांना त्यांचं सरकार हवंच होतं, फक्त ते पणजीत बसलेलं हवं होतं.

पण त्या मतपत्रिकेत एक खोट होती. वेगळं राज्य हा पर्यायच तिच्यावर नव्हता. 'नको' म्हटल्यावर पदरात पडलं ते केंद्रशासितपण. राज्य व्हायला ३० मे १९८७ उजाडला, म्हणजे वीस वर्षं गेली. त्याच वर्षी कोकणी राजभाषा झाली, आणि मराठीचं काय, यावरून झालेल्या आंदोलनांत माणसंही गेली. महाराष्ट्र नको हे ठरलं, तरी घरातली भाषा कोणती हे त्या कौलानं ठरवलं नव्हतं.

मलकापूरहून गोव्याला जाताना वाटेत निपाणी लागते. तिचा आणि बेळगावचा प्रश्न १९६६ मध्येच महाजन आयोगाकडे गेला. आयोगाचा अहवाल महाराष्ट्रानं फेटाळला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालय गाठलं. तिथल्या लोकांच्या हातात फूल-पानांची मतपत्रिका मात्र कुणी दिली नाही.